नवी डिस्क, जुनी थरथर: ब्रेक लावल्यावर स्टेअरिंग हलण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी पाच वर्षं जुनी, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक. फ्रंट व्हील ड्राइव्ह, पुढे व्हेंटिलेटेड डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. चालली होती साधारण ६०,००० किमी. वापर मिश्र, म्हणजे रोज शहरातली वर्दळ आणि अधूनमधून हायवेचा लांब पल्ला. अपघाताची नोंद नाही, सर्व्हिसिंग वेळेवर झालेलं. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. मोजमापं आणि घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये आली तेव्हा तक्रार नवी नव्हती. तिच्यावर आधीच दोन ठिकाणी उपचार झाले होते आणि प्रत्येक वेळी गाडी बरी होऊन परत आजारी पडली होती. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं ही तक्रार कुठल्याही मेकॅनिकला रोजची आहे आणि तिच्यावरचं उत्तरही ठरलेलं आहे: डिस्क वाकली, टर्निंग करा (म्हणजे लेथवर फिरवून तिचा पृष्ठभाग कापून सपाट करा), नाहीतर बदला. बऱ्याच गाड्या त्यावर बऱ्याही होतात. ही होत नव्हती.

समस्या

मालकाचं म्हणणं असं: हायवेला ९०-१००च्या वेगात हलका ब्रेक लावला की स्टेअरिंग डावी-उजवीकडे थडथडतं. वेग ७०च्या खाली आला की थरथर विरते. शहरात ४०-५०च्या वेगात काहीच जाणवत नाही. ब्रेक न लावता गाडी शंभरानेसुद्धा एकदम शांत.

आधी काय काय झालं होतं, तेही त्यांनी नीट सांगितलं. सुरुवातीला टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झालं, फरक पडला नाही. मग एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही डिस्क काढून लेथवर फेस मारून, म्हणजे टर्निंग करून आणल्या. गाडी ठीक झाली. काही महिन्यांनी थरथर परतली. त्यानंतर दुसरीकडे दोन्ही डिस्क आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड नवे टाकले. पुन्हा गाडी ठीक. आणि साधारण ६,००० किमीनंतर पुन्हा तेच. आधी इतकं बारीक की स्वतःलाच शंका यावी, मग शेजारी बसलेल्यालाही कळेल इतकं.

"हल्ली डिस्कच चांगल्या मिळत नाहीत," ते म्हणाले. "या वेळी दुसऱ्या कंपनीच्या टाका." गरम डिस्कवर साचलेलं पाणी उडालं की ती वाकते, असंही त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे पावसात गाडी चालवताना आपलंच काहीतरी चुकतंय असा अपराधी भावही त्यांच्या बोलण्यात होता.

या हकिगतीतला सगळ्यात कामाचा भाग होता परत येण्याचा काळ. पाण्याने किंवा उष्णतेने डिस्क वाकली असती, तर थरथर त्या घटनेनंतर लगेच जाणवली असती. पूर्ण बरी झालेली गाडी हजारो किलोमीटरमध्ये हळूहळू बिघडत असेल, तर काहीतरी झिजतंय असं समजायचं. आणि दोनदा बसवलेल्या दोन वेगळ्या डिस्क जर त्याच पद्धतीने बिघडल्या असतील, तर डिस्क ज्यावर बसते त्याकडे बघायला हवं.

मुळात थरथर येते कुठून

पुढचे निर्णय कळायला हे थोडं उलगडून सांगावं लागेल.

डिस्कमध्ये दोन वेगळे दोष असू शकतात आणि बोलताना त्यांची सरमिसळ होते. एक म्हणजे रनआउट: डिस्क फिरताना तिचा पृष्ठभाग आत-बाहेर झुलणं. दुसरा म्हणजे जाडीतला फरक: डिस्क एका ठिकाणी जाड, दुसऱ्या ठिकाणी पातळ. स्टेअरिंग हलवणारा खरा दोष दुसरा. पॅडमधून जाड भाग जातो तेव्हा ब्रेकची पकड वाढते, पातळ भाग आला की कमी होते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात हा झटका बसतो, लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशवर, म्हणजे रबरी सांध्यावर, चाक पुढे-मागे ओढलं जातं आणि चाक वळवणाऱ्या टाय रॉडमार्फत ती हालचाल स्टेअरिंगपर्यंत पोचते.

यासाठी फरक किती लागतो? फार नाही. ०.०१५ ते ०.०२ मिमी एवढा फरकही संवेदनशील गाडीत हाताला कळतो. डोळ्यांनी तो दिसणं शक्य नाही, बोट फिरवूनही कळत नाही.

नुसता रनआउट मात्र नव्या डिस्कवर बहुतेक वेळा जाणवतच नाही. फ्लोटिंग कॅलिपर (पॅड धरून दाबणारा सरकता भाग) आपल्या पिनांवर सरकतो आणि झुलणाऱ्या डिस्कच्या मागोमाग आत-बाहेर होत राहतो. त्यामुळे दाब फारसा बदलत नाही आणि टेस्ट ड्राइव्ह छान होते. नुकसान होतं ते पाय ब्रेकवर नसताना. पॅड आणि डिस्कमधली फट नगण्य असते. झुलणारी डिस्क प्रत्येक फेऱ्यात बाहेरच्या पॅडला एका जागी आणि आतल्या पॅडला बरोबर समोरच्या जागी घासून जाते. हायवेच्या वेगात हे सेकंदाला बारा-पंधरा वेळा होतं. काही हजार किलोमीटरनंतर डिस्कवर समोरासमोर दोन पातळ जागा तयार होतात आणि थरथर सुरू होते.

वेगाचा पट्टाही यातूनच समजतो. या गाडीच्या टायरचा एक फेरा साधारण १.८ मीटरचा. ताशी ८० किमीला चाक सेकंदाला बारा फेरे घेतं, ४०ला सहा. सस्पेन्शन आणि स्टेअरिंगची स्वतःची एक थरथरण्याची लय असते. झटक्यांची लय तिच्याशी जुळली की हालचाल फुगते, नाही जुळली की दबून जाते. शहरात काही जाणवत नाही याचा अर्थ शहरात दोष नसतो असा नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मालकाने सुचवलेलाच होता: तिसऱ्यांदा डिस्क आणि पॅड, फक्त कंपनी वेगळी. काम झटपट झालं असतं, गाडी सुरळीत बाहेर पडली असती आणि टेस्ट ड्राइव्हवर सगळे खूश झाले असते. आधीच्या दोन्ही ठिकाणी नेमकं हेच झालं होतं.

दुसरा, असलेल्या डिस्क पुन्हा लेथवर पाठवायच्या. खर्च कमी. पण डिस्क लेथच्या मॅन्ड्रेलवर (फिरत्या दांड्यावर) सरळ फिरली म्हणून हबवर, म्हणजे गाडीत ती ज्यावर बसते त्या भागावर, सरळ फिरेल याची खात्री नाही.

तिसरा, सस्पेन्शनकडे वळायचं. ६०,००० किमी चाललेल्या गाडीत लोअर आर्मचे बुश संशयास्पद असतातच. पण बुश थरथर निर्माण करत नाही, आलेली थरथर वाढवतो. तो बदलला तर तक्रार कमी होईल, मूळ तसंच राहील. काही गाड्यांत बुश बदलून थरथर "गेली" असं वाटतं आणि वर्षभरात ती पुन्हा येते, ती याच कारणाने.

चौथा, काहीही बदलण्याआधी मोजायचं. यात वेळ जातो आणि गिऱ्हाइकाला हातात काही दिसत नाही. तरीही आम्ही हा धरला. मालकाला स्पष्ट सांगितलं की आज गाडी दुरुस्त होऊन मिळणार नाही. आज फक्त दोष कुठे आहे ते कळेल. ते फारसे खूश नव्हते, पण तयार झाले.

तपासणी

सुरुवात टेस्ट ड्राइव्हने, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर, मागे-पुढे गाडी नसताना. ब्रेक न लावता ६० ते १००पर्यंत सगळे वेग बघितले. स्टेअरिंग स्थिर. बॅलन्सिंगचा दोष असता तर तो इथेच दिसला असता, म्हणून तो विषय संपला. मग १००वरून हलका, एकसारखा ब्रेक. ९०च्या आसपास थरथर सुरू झाली, ८०ला सगळ्यात जोरात, ७०च्या खाली विरली. पेडलवरही पायाला बारीक ठोके लागत होते. वेग उतरेल तसे ठोके संथ होत गेले, म्हणजे कारण चाकाबरोबर फिरणाऱ्या कुठल्यातरी भागात. एबीएस कामाला लागल्यावर पेडलला लागणारे धक्के वेगळे असतात. ते जलद आणि कोरडे असतात आणि हलक्या ब्रेकला कोरड्या रस्त्यावर येतच नाहीत.

मागचे ड्रम वगळण्यासाठी त्याच मोकळ्या रस्त्यावर, मध्यम वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक अगदी हलका ओढून बघितला. सीटमध्ये किंवा मागे काही थरथर नाही. ही चाचणी करताना हात हलका हवा आणि रस्ता ओला नको. मागची चाकं लॉक झाली तर गाडी फिरते. हे जमणार नसेल तर ड्रम उघडून बघणं बरं.

वर्कशॉपमध्ये आल्यावर चाक काढण्याआधी नट बघितले, कारण एकदा उघडल्यावर हा पुरावा राहत नाही. मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळायच्या ठरलेल्या जोरावर) रेंच लावला तर एकही नट न हलता तो लगेच क्लिक झाला. सोडवताना त्यातले दोन पाइप लावल्याशिवाय सुटेनात. उरलेले दोन तुलनेने सहज निघाले. इम्पॅक्ट गनने, म्हणजे झटक्यांनी आवळणाऱ्या यंत्राने ठोकलेल्या नटांची ही ठरलेली खूण. असमान आवळलेले नट चाकामार्फत डिस्क आणि हब दोन्ही ताणतात. म्हणून आधी सगळे नट सैल करून, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने ठरल्या आकड्यावर आवळले आणि गाडी पुन्हा फिरवून आणली. फरक नाही. जाडीतला फरक एकदा तयार झाल्यावर नुसत्या नटांनी तो जाणार नव्हताच. पण ही चाचणी फुकटात होते, आणि काही गाड्यांत उत्तर तिथेच मिळतं.

मग गाडी स्टँडवर घेऊन पुढची चाकं काढली. बेअरिंगमध्ये खेळ नाही. तो आधी बघावाच लागतो, कारण बेअरिंग ढिलं असेल तर डायल गेजवरच्या (झुलणं मोजणाऱ्या काट्याच्या मापकावरच्या) आकड्याला काही अर्थ नसतो. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड घट्ट. डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशचं रबर मात्र अर्धवट फाटलेलं, टॉमी (लोखंडी सळई) लावून ढकललं की आर्म चांगलाच सरकत होता. उजव्या बुशला भेगा, पण फाटलेला नाही.

डिस्क मोजताना चाकाचे नट वॉशर घालून डिस्कवर आवळले. नुसती हबवर टेकलेली डिस्क गेजखाली काहीही दाखवेल. मार्करने डिस्कवर समान अंतरावर १ ते ८ आकडे टाकले. बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत, प्रत्येक आकड्याजवळ मायक्रोमीटरने जाडी घेतली. डावी डिस्क: सगळ्यात जाड २१.८७ मिमी, सगळ्यात पातळ २१.८४. फरक ०.०३. उजवी: फरक ०.००८. डिस्कवर कोरलेली किमान जाडी २० मिमी, त्यामुळे दोन्ही डिस्कचं आयुष्य भरपूर शिल्लक होतं.

डायल गेज मॅग्नेटिक बेसने स्ट्रटला लावून डिस्क हाताने सावकाश फिरवली. उजवीकडे काटा ०.०३ मिमीमध्ये फिरत राहिला. डावीकडे ०.११. बहुतेक कार बनवणारे बसवलेल्या डिस्कवर ०.०५ ते ०.१० मिमीच्या आत कुठेतरी मर्यादा देतात, म्हणजे ही त्याच्याही बाहेर. पण आकड्यापेक्षा जागा जास्त बोलकी होती. काटा सर्वांत वर गेला तो ३ या खुणेपाशी, सर्वांत खाली ७पाशी. आणि मायक्रोमीटरच्या कागदावर सगळ्यात पातळ दोन जागा होत्या ३ आणि ७. झुलणं आणि झीज एकमेकांवर चपखल बसली.

निर्णायक वळण: दोष डिस्कचा की हबचा?

इथे थांबून "डिस्क झुलतेय, बदला" म्हणणं सोपं होतं, आणि मापं दाखवून ते पटवताही आलं असतं. पण डिस्क झुलते ती दोन कारणांनी: ती स्वतः वाकडी असेल किंवा जिथे बसली तिथे तिरकी बसली असेल. हे वेगळं करायला एक साधी युक्ती आहे. ३ या खुणेजवळच्या हबच्या स्टडवर (नट ज्यावर बसतो त्या बोल्टवर) खूण केली, डिस्क काढून अर्ध्या फेऱ्याने फिरवून पुन्हा बसवली आणि पुन्हा मोजलं. सर्वांत उंच जागा डिस्कवरच्या ३ या खुणेबरोबर गेली असती, तर दोष डिस्कचा. ती तिथून हलून ७ वर आली, म्हणजे स्टडवरच्या खुणेजवळच राहिली. दोष हबच्या बाजूचा.

डिस्क बाजूला ठेवून हबचा फेस टॉर्च तिरका धरून बघितला. वरवर स्वच्छच होता. वायर ब्रश फिरवलेला दिसत होता, मधला भाग चकाकत होता. पण दोन स्टडच्या मधे, बाहेरच्या कडेला, चंद्रकोरीच्या आकाराचा तपकिरी-काळा पापुद्रा होता, दाबून दाबून गुळगुळीत झालेला. नख लावलं तर नखाला अडला, निघाला नाही. डिस्कच्या आतल्या बाजूला त्याचाच ठसा उमटलेला. स्टडच्या बुडाशी ब्रश पोचत नाही, तिथेही गंज होता.

एवढाशा गंजाने काय होतं, असा प्रश्न पडेल. हब आणि डिस्क जिथे टेकतात त्या वर्तुळाचा व्यास साधारण १४० मिमी. डिस्कवर पॅड फिरतात त्या बाहेरच्या भागाचा २३० मिमी. आतल्या वर्तुळाच्या एका कडेखाली ०.०५ मिमी गंज असला, तर बाहेर तो ०.०८ मिमी रनआउट होऊन दिसतो. आमच्याकडचे ०.११ मिमी यायला जेमतेम ०.०७ मिमीचा थर पुरे.

आता मागचा सगळा इतिहास जुळला. लेथवर सरळ केलेली डिस्क याच गंजावर तिरकी बसली. नवी डिस्कसुद्धा याच गंजावर तिरकी बसली. दोन्ही वेळा गाडी आधी शांत राहिली, कारण जाडी एकसारखी होती, आणि मग झिजत गेली.

या जोडीला डाव्या कॅलिपरची खालची स्लाइड पिन जड झालेली निघाली. हाताने सरकायला हवी ती पकड लावून फिरवावी लागली. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा साधारण दीड मिलिमीटर जास्त झिजलेला. कॅलिपर नीट सरकत नसेल तर झुलणाऱ्या डिस्कच्या मागोमाग तो जात नाही आणि पॅड जास्त घासतात. थरथर डावीकडे इतक्या लवकर परतण्यात हिचाही हात असणार.

काय केलं

हबचा फेस साफ करण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. मधल्या भागाला एमरी, कडेच्या पापुद्र्याला धार नसलेली पट्टी, स्टडच्या बुडाला स्टडवर बसणारं खास घासायचं कड्यासारखं साधन. ग्राइंडर लावला नाही. त्याने गंज मिनिटात निघतो, पण धातूही निघतो आणि मग हबच बाद होतो. डिस्कची टेकणारी बाजूही तशीच साफ केली, दोन्ही ब्रेक क्लीनरने पुसले. मग डायल गेज सरळ हबच्या फेसवर, स्टडच्या बाहेरच्या कडेला लावला: ०.०२ मिमी. हब सरळ होता. इथे आकडा मोठा आला असता तर प्रश्न हब किंवा बेअरिंग बदलण्यापर्यंत गेला असता. त्याआधीचा पर्याय म्हणजे डिस्क एकेक स्टड फिरवून सगळ्यात कमी रनआउटची जागा शोधणं. त्याची गरज पडली नाही. जुनीच डिस्क परत बसवून मोजली तर ०.११चे ०.०४ झाले.

आता दुसरा निर्णय: झिजलेल्या डिस्कचं काय करायचं? झुलणं थांबलं, पण जाडीतला ०.०३ मिमी फरक डिस्कमध्येच होता आणि तो आपोआप सपाट होण्याची आशा ठेवण्यात अर्थ नव्हता. नव्या डिस्क टाकता आल्या असत्या, पण या डिस्क ६,००० किमीच चाललेल्या, किमान जाडीच्या बऱ्याच वर. गाडीवरच लावायच्या लेथने टर्निंग करायचं ठरवलं. त्यात डिस्क आपल्या हबवर, आपल्या बेअरिंगवर फिरत कापली जाते, त्यामुळे उरलासुरला तिरकेपणाही निघून जातो. मात्र एक अट: टर्निंगनंतर डिस्क हबवरून काढायची नाही, आणि काढलीच तर खूण करून त्याच जागी बसवायची. दोन्ही बाजूंच्या डिस्क केल्या, एकच केली असती तर ब्रेक एका बाजूला ओढण्याची शक्यता राहिली असती. डावीची जाडी २१.५५ मिमी झाली, फरक ०.००५, रनआउट ०.०२.

पॅड नवे टाकले. जुन्यांत जाडी होती, पण डावे तिरके झिजले होते. स्लाइड पिना चारही काढून, साफ करून कॅलिपरसाठीच्या सिलिकॉन ग्रीसने बसवल्या. साधं चासिस ग्रीस इथे चालत नाही, ते रबराचे बूट फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते. कामाच्या सगळ्या वेळात कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगलेला होता, ब्रेक होजवर लोंबकळत सोडलेला नव्हता.

लोअर आर्मच्या बुशवर मालकाशी पुन्हा बोलणं झालं. थरथरीचं मूळ सापडलं होतं, मग बुश आत्ताच कशाला? त्यांचा प्रश्न रास्त होता. फाटलेला बुश पुढे टायर खाईल आणि ब्रेक लावल्यावर गाडीची दिशा हलेल, हे कारण थरथरीपेक्षा वेगळं आणि स्वतंत्रपणे पुरेसं होतं. ते कबूल झाले. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, बोल्ट गाडी चाकांवर उभी करून शेवटचे आवळले, मग अलाइनमेंट केलं.

नट टॉर्क रेंचने. नंतर नवे पॅड डिस्कवर बसवून घेणं: मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किमीवरून २०पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, असं आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी मधे थोडं अंतर देऊन. मग काही किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी चालवून थंड होऊ दिली. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली तर त्या जागी पॅडचा थर चिकटतो आणि तो थरही जाडीतला फरकच असतो. मालकाला हे सांगितलं, विशेषतः घाट उतरून आल्यावर लगेच थांबावं लागतं तेव्हासाठी.

परिणाम

त्या दिवशीच्या टेस्ट ड्राइव्हवर थरथर नव्हती. पण ती आधीच्या दोन दुरुस्त्यांनंतरही नव्हती, म्हणून या निकालाला आम्ही फारशी किंमत दिली नाही. गाडी साधारण ५,००० किमीनंतर फक्त मोजायला बोलावली. डाव्या डिस्कचा रनआउट ०.०२५, जाडीतला फरक ०.००६. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर मालकाने नट पुन्हा टॉर्कवर तपासून घेतले होते. १२,००० किमीच्या पुढे पुन्हा विचारलं तेव्हाही ९०-१००वरून ब्रेक लावताना स्टेअरिंग शांत होतं. मागच्या वेळी ज्या अंतरावर दोष परतला होता, त्याच्या दुप्पट अंतर उलटून गेलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, नव्या डिस्क बसवतानाच डायल गेज लावला असता तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं. दोन्ही बाजूंना मिळून दहा-पंधरा मिनिटं लागतात. नव्या डिस्कवर ०.११ मिमी दिसल्यावर कुणीही डिस्क काढून खाली काय आहे ते बघितलं असतं. डायल गेज वर्कशॉपमध्ये नसतो असं नाही. तो बहुधा इंजिनच्या कामासाठी कपाटात असतो आणि ब्रेकच्या कामाला बाहेर निघत नाही.

लेथवर डिस्क पाठवण्याच्या पद्धतीबद्दल माझं मत आता बरंच कडक झालं आहे. ती वाईट नाही. पण डिस्क परत आल्यावर साफ हबवर बसवून मोजायची नसेल, तर ते काम अर्धं झालेलं समजावं.

इम्पॅक्ट गनचा प्रश्न अर्धवट राहिला. आमच्याकडून गाडी नीट आवळून गेली, पण पुढच्या टायर रोटेशनला ती दुसरीकडे जाणारच, आणि तिथे गन असणारच. मालकाने तिथे उभं राहून शेवटचं आवळणं रेंचने करून घ्यायचं असं ठरलं. ते प्रत्येक वेळी होईल का, ते सांगता येत नाही.

राहता राहिला बुश. हब, पिन, डिस्क, पॅड आणि बुश एकाच खेपेत झाल्यामुळे स्टेअरिंगवर पोचणाऱ्या थरथरीत बुशचा वाटा किती होता, हे आमच्या नोंदींवरून वेगळं काढता येत नाही. ते कळायला हवं असेल तर क्रम बदलावा लागेल: आधी फक्त बुश बदलायचे आणि डिस्कला हात न लावता गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच हलक्या ब्रेकने फिरवून आणायची, मग बाकीचं काम. त्यासाठी मालकाला आणखी एक चक्कर पडली असती आणि ती त्यांना नको होती. तशी तयारी असलेली पुढची गाडी आली तर आम्ही या क्रमाने जाऊ.